नव्वद नंबर

ऑइलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. येणारा जवळजवळ प्रत्येक जण "नव्वद नंबर द्या" एवढंच म्हणतो. गाडी कुठली, तेल गिअरबॉक्सला हवंय की डिफरन्शियलला, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. हाताशी असेल तो डबा काउंटरवर येतो आणि ते तेल गाडीत जातं. कराड-चिपळूण रस्त्यावर गॅरेज चालवताना माझी बरीचशी वर्षं गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलखाली गेली. तिथे खोललेल्या, दात खाल्लेल्या क्राऊन-पिनियनपैकी कितीतरी अशाच न विचारता घेतलेल्या तेलाने गेली होती, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

नव्वद हा आकडा तेल किती जाड आहे ते सांगतो. त्यापलीकडे काहीही सांगत नाही. १०० अंश सेल्सिअसला तेल किती सावकाश वाहतं त्याचं हे माप. १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान बसलं तर ते नव्वद, २४ ते ३२.५ मध्ये बसलं तर एकशे चाळीस. इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्याच पट्टीवरचे असतात. त्यामुळे इंजिनातलं चाळीस-पन्नास आणि गिअरचं नव्वद ही तेलं जाडीला जवळजवळ शेजारी-शेजारी बसतात. हे सांगितलं की जुने ड्रायव्हरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत, कारण नव्वद म्हणजे चाळिसाच्या दुप्पट घट्ट, असं त्यांनी कायम धरलेलं असतं.

दातावर दात दाबला गेल्यावर ते तेल काय करणार, हे डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं: जीएल-४ की जीएल-५. नव्वद नंबरमध्ये ही दोन्ही मिळतात. डबे सारखे, रंग सारखे, किमतीत थोडाच फरक. पण डिफरन्शियलसाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी वस्तादांनी शिकवलं. मी शिकलो ते जीपगाड्यांवर. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या, त्याच वंशाच्या गाड्या पुढे सातारा-पाटण भागात वडापला, म्हणजे माणसं भरून फेऱ्या मारायला, धावत होत्या. वस्तादांच्या टेबलावर एक निकामी क्राऊन-पिनियन कायम पडलेलं असायचं. नवं पोरगं कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात ते त्याच्या हातात द्यायचे. "पिनियन कुठं लागलंय बघ. मधोमध लागलंय का? न्हाई. खाली लागलंय." मग स्वतःचे दोन तळहात एकमेकांवर दाबून म्हणायचे, "ही गिअरबॉक्स." आणि दाबलेले तळहात तसेच जोरात एकमेकांवर घासायचे. "आणि ही डिफ्रन्शल." बस्स, एवढंच.

त्या तळहातांमागे काय होतं, ते मला नंतर कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नीट समजलं. पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली सरकवलेली असते, त्या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या ग्लीसन कारखान्याने ती १९२०च्या दशकात तयार केली आणि १९२६ मध्ये पॅकार्ड मोटारींत ती आली. तिचा फायदा असा, की प्रोपेलर शाफ्ट खाली जातो, गाडीचा तळ खाली घेता येतो, पिनियन मोठं आणि मजबूत करता येतं, आवाजही कमी होतो. पण दात नुसता दातावर टेकून सुटत नाही, तो लांबीच्या दिशेने सरकतही जातो. प्रचंड दाबाखाली सरकल्यामुळे मधला तेलाचा थर पुसला जातो. तेल कितीही जाड असलं तरी पुसलं जातं. म्हणून या गिअरसाठी तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालावी लागली. दाताचा जो बिंदू दाबाने तापतो, नेमकी तिथेच ती पोलादाशी रासायनिक क्रिया करून एक अतिशय पातळ थर तयार करतात. मग घासला जातो तो थर, दाताचं पोलाद वाचतं. थर गेला की नवा तयार होतो. जीएल-५ मध्ये ही संयुगं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. नव्या डब्याचं झाकण उघडल्यावर नाकात जाणारा आणि दोनदा साबण लावूनही हाताचा न सुटणारा वास त्या गंधकाचाच.

पाटणच्या बाजूच्या एका वडापवाल्याची जीप आमच्याकडे आली, तेव्हा हे सगळं कागदावरून माझ्या हातात उतरलं. वर्षभरात दुसऱ्यांदा क्राऊन-पिनियन गेलं होतं. पहिलं त्याने दुसरीकडे बदलून घेतलं होतं आणि "माल डुप्लिकेट निघाला" अशी त्याची समजूत करून दिली गेली होती. मी हौसिंग खोललं. पिनियनच्या दातांवर सरकण्याच्या दिशेने उभे ओरखडे होते, कडा निळसर पडल्या होत्या. बेरिंग मात्र चांगली. मालाचा दोष असता तर दात तुटला असता, तुकडा पडला असता. इथे दात सगळीकडून सारखा घासला गेला होता. मी तेल बोटावर घेऊन नाकाशी नेलं. वास जवळजवळ नव्हताच.

"मिस्त्री, नव्वदच घातलंय की!" तो म्हणाला. "कंपनीचं हाय. माझ्यासमोर सील फोडलंय." त्याने सीटखालून डबा काढून दाखवला. खरंच चांगल्या कंपनीचं, अस्सल तेल होतं. वर नव्वद, आणि मागे जीएल-४. गिअरबॉक्ससाठी उत्तम. पंधरा-सतरा माणसं घेऊन चढणाऱ्या जीपच्या हायपॉइड अ‍ॅक्सलसाठी निकामी. नवीन सेट बसवला, जीएल-५ भरलं. ती जीप नंतर अनेक वर्षं आमच्याकडे ब्रेक आणि क्लचसाठी येत राहिली, पण मागच्या अ‍ॅक्सलसाठी आली नाही.

त्या कामानंतर आमच्या गॅरेजमध्ये एक रीत पडली. कुठल्याही गाडीचं डिफरन्शियल तेल बदललं की हौसिंगवर पांढऱ्या रंगाने दर्जा, जाडी, तारीख आणि किलोमीटर लिहायचे. पुढचा मिस्त्री कोण असेल ते माहीत नसतं. त्याला तरी अंदाज करावा लागू नये.

उलटी चूकही तितकीच पाहिली. एका पिकअपच्या मालकाने डिफरन्शियलबरोबर गिअरबॉक्सलाही जीएल-५ भरलं, कारण चारपेक्षा पाच वरचा, म्हणजे माल वरचा. काही महिन्यांतच तिसरा गिअर टाकताना खरखर सुरू झाली. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा असतात. त्यांचं काम गिअरच्या शंकूला घट्ट धरून दोघांचा वेग सारखा करणं. त्यांना थोडी पकड लागते, आणि हे तेल ती पकडच काढून घेतं. शिवाय जास्तीचं गंधक तापल्यावर पितळ खायला लागतं. आम्ही खोलली तेव्हा रिंगा काळवंडल्या होत्या. आता दोन्ही दर्जे सांभाळणारी तेलंही बाजारात आहेत आणि ती काही वाईट नाहीत, पण डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. दुकानदाराच्या "चालतंय ओ, सगळ्याला चालतंय" यावर जाऊ नये. जीएल हा वर्गच कामाप्रमाणे पाडलेला आहे, त्यात चार आणि पाच म्हणजे हलकं आणि भारी नव्हे.

इथे एक गोष्ट पटकन सांगून टाकतो, कारण रोज कोणी ना कोणी विचारतं. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींची पुढची चाकं ओढतात. त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, तेल एकच असतं आणि तिथे बहुधा हायपॉइड दात नसतात. त्या गाड्यांना पुस्तिकेत दिलेलं गिअरबॉक्सचं पातळ तेल घालायचं, वेगळं काही शोधायचं नाही. ओमनीसारख्या गाडीत मात्र इंजिन सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना. तिथे दोन तेलं, दोन वेगळे प्लग. शाळेच्या पोरांची ने-आण करणाऱ्या अशा गाड्यांचं मागचं तेल वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलंच नसतं.

जाडीबद्दल मला सगळ्यात जास्त वाद घालावे लागले. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत, आमच्याकडच्या गाड्यांना उसंत नसते. शेतातून निघताना ट्रक चिखलात रुतलेला, वर उसाचा डोंगर, मग कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभा. मागून घूं घूं असा आवाज यायला लागला की मालक सांगतो, "एकशे चाळीस टाक, आवाज जाईल." आणि आवाज जातो, हे खरं आहे. घट्ट तेल दातांमधली मोकळीक भरून काढतं, बेरिंगचा आवाज दाबतं. पण बेरिंग होतं तसंच खराब राहतं. फक्त आता ते ओरडून सांगू शकत नाही.

आवाज ऐकायची एक पद्धत आहे आणि ती प्रत्येक गाडीमालकाला यावी असं मला वाटतं. सपाट रस्त्यावर गाडी एका वेगात घ्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना आवाज येतो की पाय सोडल्यावर, ते ऐका. दाबल्यावरच येत असेल तर दाताच्या ओढ घेणाऱ्या बाजूची झीज किंवा चुकलेलं सेटिंग पाहायचं. पाय सोडल्यावर येत असेल तर पिनियनचं बेरिंग सैल झालंय का ते बघायचं. वेगाबरोबर वाढणारा पण पाय दाबा-सोडा काहीही न बदलणारा आवाज बहुधा चाकाच्या बेरिंगचा. ही खातरजमा न करता तेल बदलणं म्हणजे दुखणं झाकणं. सेकंडहँड ट्रकच्या बाजारात तर याच्याही पुढचं पाहिलं. नुकत्याच विकत घेतलेल्या एका ट्रकचा ड्रेन प्लग काढला आणि तेलाबरोबर ओला लाकडी भुसा बाहेर आला. विकणाऱ्याने आवाज मारायला भुसा घातला होता. दोन दिवस गाडी शांत चालली असेल. घेणारा साधा शेतकरी होता, कर्ज काढून गाडी घेतलेली. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून कोणी जुनी गाडी दाखवायला आणली की इंजिनाआधी मी मागचा प्लग काढतो.

मग एकशे चाळीस वाईट का? मुळीच नाही. पूर्ण भरलेला ट्रक उन्हाळ्यात घाट चढत असेल, तेल तापून पातळ होत असेल आणि कंपनीने ८५डब्ल्यू-१४० ला परवानगी दिली असेल, तर ते घालावंच. कुंभार्ली घाटाचा चढ हे त्याचं खरं ठिकाण. चिपळूणहून भरलेली गाडी वर येताना तासभर नाक वर करून चढते. डिफरन्शियलचं पिनियन गाडीच्या पुढच्या दिशेला असतं, आणि चढावर हौसिंगमधलं तेल मागे सरकतं. पिनियनच्या पुढच्या बेरिंगला तेल मिळतं ते फिरणाऱ्या क्राऊनने उडवून, हौसिंगमधल्या एका पन्हळीतून. तेल अर्धा लिटर जरी कमी असलं तरी या चढावर सगळ्यात आधी तेच बेरिंग कोरडं पडतं. घाटावरून आलेल्या कितीतरी गाड्यांत ते एकच बेरिंग निळं पडलेलं आणि बाकी सगळं ठीक, असं पाहिलंय. तिथे तेलाचा नंबर बदलून काही होत नाही, पातळी बघावी लागते.

जाड तेल उलटतं कसं, हे लेहच्या निमित्ताने बोललो. इथली काही तरुण पोरं जानेवारीत दोन जीपगाड्या घेऊन लडाखला निघाली होती. कुणीतरी सांगितलं होतं, मोठे डोंगर आहेत, घट्ट तेल भरा. मी त्यांना डब्यावरच्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा दाखवला. ८५डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे १२ अंशाला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे पंधराच्याही खाली जातो. तिथे सकाळी ८५डब्ल्यू-१४० हौसिंगमध्ये गोठल्यासारखं बसणार. क्राऊन त्यातून स्वतःपुरती एक चरी पाडून फिरत राहणार, आणि पन्हळीतून बेरिंगपर्यंत तेल पोचायला कितीतरी किलोमीटर लागणार. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९० ला मान्यता होती, तेच सिंथेटिक तेल भरलं. जीएल-५ अर्थात कायम. परत आल्यावर तेल काढून पाहिलं तेव्हा रंगसुद्धा फारसा बदललेला नव्हता.

उष्णतेचा अंदाज आता सोपा झाला आहे. पूर्वी हौसिंगला हात लावून ठरवायचो, आता तापमान मोजायची बंदूक स्वस्तात मिळते. घाट चढून आलेल्या ट्रकचं हौसिंग ९० ते १०० अंश दाखवत असेल तर मी चिंता करत नाही. १२० च्या वर गेलं तर पातळी, बेरिंगचा ताण आणि वजन, तिन्ही पाहतो. दर दहा अंश वाढले की तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यात ठोकताळा आहे. ऊस ओढणाऱ्या गाड्यांना पुस्तिकेतल्या किलोमीटरपेक्षा लवकर तेल बदलायला मी सांगतो तो यासाठी.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या भागात ते टळत नाही. डिफरन्शियल हौसिंगला वर एक छोटा ब्रीदर असतो. आतली हवा तापली की त्यातून बाहेर जाते, थंड झाली की आत येते. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या कडेने, जिथून मिळेल तिथून पाणी आत खेचते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर उलटं होतं. तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही, आत दाब वाढतो, मग तेल सील ढकलून ब्रेक ड्रममध्ये उतरतं. लायनर तेलाने भिजलेला ट्रक घाट उतरतोय, ही कल्पनासुद्धा नको वाटते. कितीदा मालक नवीन सील घालून घेतात, पुन्हा गळतं, पुन्हा घालतात. दोष त्या दोन रुपयांच्या बुजलेल्या टोपीत असतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. पुढचे काही आठवडे आमच्याकडे त्या बाजूच्या गाड्या येत होत्या. लोकांची घरं, दुकानं गेली होती, गाडी म्हणजे पोट भरायचं उरलेलं एकच साधन. सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे, वायरिंगकडे, सीटांकडे. मी प्रत्येकाला हात जोडून सांगायचो, मागचं तेल आधी काढा. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा ड्रेन प्लग काढला की आधी नुसतं पाणी वाहायचं, मग दुधट तेल. गाडी चाललेली असेल तर सगळंच दुधट. एकदा काढून भागत नव्हतं. स्वस्तातलं साधं गिअर ऑइल भरायचं, दहा-बारा किलोमीटर रिकामी गाडी फिरवायची, गरम असतानाच काढायचं, आणि मग कायमचं तेल. काही जणांनी डिझेलने धुतलं. ते मला पटत नाही. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या तेलात मिसळून त्याला पातळ करतं. एका टेम्पोवाल्याने खर्च आवरायचा म्हणून मागचं तेल तसंच ठेवलं. मी त्याला दोष देणार नाही, त्याच्या घरात तेव्हा चूल मांडायला भांडी नव्हती. दिवाळीत तो घूं घूं करत आला. बेरिंगच्या रिंगांवर गंजाचे आडवे पट्टे उमटले होते, रोलर जिथे जिथे उभे राहिले होते बरोबर तिथे.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळंच सांगणं आहे. आमच्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कमी नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याचशांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. गिअर, मागचं डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि ब्रेक, सगळ्यांना एकच तेल. त्यात ट्रकचं जीएल-५ ओतलं की ब्रेक दाबल्यावर किंचाळतात, थरथरतात, नीट धरत नाहीत, कारण ब्रेकच्या प्लेटांना लागणारे घर्षणाचे घटक त्या तेलात नसतात. ट्रॅक्टरला ट्रॅक्टरचंच ट्रान्समिशन ऑइल लागतं. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना ब्रेकशी खेळ नको.

असाच आणखी एक अपवाद म्हणजे घसरणीवर दोन्ही चाकांना ओढ देणारी, आत क्लच प्लेटा असलेली डिफरन्शियलं. त्यांना घर्षण सांभाळणारा घटक असलेलं तेल लागतं. नाहीतर वळणावर मागून टकटक येते आणि मालक नसते पार्ट बदलत बसतो.

पैशाचंही खरं बोलायला हवं. ऑइलच्या डब्यावर मिस्त्रीला सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मिस्त्री "हेच तेल घ्या" म्हणाला की मालकाला त्यात मिस्त्रीचा फायदा दिसतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो असतोही. मी यावर उपाय केला तो साधा. गिऱ्हाईकाला चिठ्ठीवर दर्जा आणि जाडी लिहून देतो, कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि तेल त्यालाच आणायला सांगतो. डबा आणला की दोघं मिळून मागची अक्षरं वाचतो. माझं थोडं उत्पन्न बुडालं, पण भांडणं संपली. रिकामा डबा खिळ्याने भोक पाडूनच भंगारात जातो, कारण धड डबे परत भरून विकणारी माणसं या धंद्यात आहेत. जीपला दोन लिटरच्या आसपास तेल लागतं, मोठ्या ट्रकला दहा-पंधरा लिटर. योग्य आणि अयोग्य तेलाच्या किमतीतला फरक, नवं क्राऊन-पिनियन बसवण्याच्या खर्चापुढे नावालासुद्धा उरत नाही.

नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतो. तेल काढायच्या आधी भरायचा प्लग सोडवून बघा. तो गंजून जाम झालेला असेल, किंवा त्याचं डोकं गोल झालेलं असेल, आणि तुम्ही खालून सगळं तेल सोडून दिलं असेल, तर गाडी तिथेच उभी राहते. मग भरायचं ते भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला लागेपर्यंत, गाडी सपाट जमिनीवर उभी करून. "थोडं जास्त असू दे" हे या जागी चालत नाही. जास्तीचं तेल ब्रीदरमधून बाहेर येतं किंवा सीलवाटे ब्रेकवर. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा बारीक लेप दिसणं ठीक. बोटांच्या चिमटीत टोचणारा कण हाताला लागला, तर नवं तेल भरू नका, हौसिंग खोला. नवा सेट बसवलेला असेल तर पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरांत वजन कमी ठेवा आणि ते पहिलं तेल काढून टाका. दात एकमेकांना बसताना निघालेलं सगळं पोलाद त्यात असतं.

हल्ली गॅरेजसमोर इलेक्ट्रिक मालवाहू रिक्षा उभ्या राहायला लागल्या आहेत. परवा एक जण म्हणाला, "मिस्त्री, हिला इंजिनच नाय, मग ऑइल कसलं?" त्याला खाली वाकवून मोटारीच्या शेजारचं गिअर हौसिंग आणि त्याचा प्लग दाखवला. पुस्तिका काढली. तेलाचा दर्जा आणि माप दोन ओळींत दिलेलं होतं, तेल पातळ होतं आणि मापही लिटरभराच्या आत. मागची चाकं दोन, वळणावर दोघांना वेगवेगळा वेग लागणार, म्हणजे डिफरन्शियल आहेच. या गाड्यांचा एक फायदा मला दिसतो. इंजिनाचा गोंगाट नसल्याने मागची गुणगुण ड्रायव्हरला लगेच ऐकू येते, आणि तो चौकशी करायला येतो. डिझेलच्या गाडीत तोच आवाज कानापर्यंत पोचायचा तोवर बेरिंग हातचं गेलेलं असायचं.